ट्रान्स नायिका, रॉक बँड आणि मुंबई: चित्रपट करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत, मुंबईत आणि बेताच्या पैशांत ट्रान्स नायिकेची रॉक म्युझिकल करायला निघालेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेक जण पहिल्यांदा कॅमेरा कोणता आणि लोकेशन कुठलं हे विचारतात. आमच्या मते पहिला निर्णय एकच: नायिका स्वतःच्या आवाजात गाणार की नाही. एकदा हो म्हटलं की पट्टी, तालीम, माइक, विग, करार हे सगळं त्याच्या मागून ठरत जातं. उत्तरांचा क्रम म्हणूनच तसा लावलाय.

नमुना म्हणून आधी काय पाहावं?

'हेडविग अँड द अँग्री इंच' (२००१) हा अमेरिकी रॉक संगीतपट. जॉन कॅमेरॉन मिचेल यांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही केली. गाणी स्टीफन ट्रास्क यांची. खर्च सुमारे ६० लाख डॉलर. त्या वर्षी सनडान्स महोत्सवात दिग्दर्शनाचं आणि प्रेक्षकपसंतीचं अशी दोन्ही पारितोषिकं त्याने घेतली. तिकीटबारीवर मात्र खर्चही निघाला नाही. त्याचा प्रेक्षक नंतर हळूहळू जमला.

शिकण्यासारख्या त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, गाणी चित्रीकरणाच्या आधी वर्षानुवर्षं लोकांसमोर वाजली होती: १९९४ पासून न्यूयॉर्कच्या क्लबात आणि १९९८ पासून ऑफ-ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या छोट्या व्यावसायिक नाट्यगृहात. दुसरी, बहुतेक गाणी बँडच्या कार्यक्रमातच येतात. त्यामुळे माणसं एकदम गायला का लागली हा प्रश्न पडत नाही. तिसरी, जी गोष्ट खर्चिक आणि दाखवायला अवघड होती, ती एमिली हब्ली यांच्या साध्या रेखाटनांच्या ॲनिमेशनमध्ये सांगितली.

उचलू नये ते कथानक. पूर्व बर्लिनमधून बाहेर पडण्यासाठी लग्न आणि लग्नासाठी दबावाखाली केलेली शस्त्रक्रिया, ही हेडविगची गोष्ट आहे. ट्रान्स प्रेक्षकांमध्ये तिच्यावरून अजून वाद होतात आणि ते बिनबुडाचे नाहीत. तुमच्या नायिकेच्या आयुष्यात शस्त्रक्रिया असेलही, पण ती कथेचा कणा असायलाच हवी असं कुठे आहे? आधीचा-नंतरचा फोटो, आरशासमोरचं रडणं आणि इस्पितळाचा दरवाजा हे तीन प्रसंग संहितेतून काढून बघा. संहिता कोसळली तर ती अजून तयार नाही.

मराठी रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची मोठी परंपरा आहे. मग ट्रान्स कलाकारच कशाला?

बालगंधर्वांचा दाखला या चर्चेत हमखास येतो. ती परंपरा थोर आहे, पण प्रश्न वेगळा आहे. बालगंधर्व भामिनी किंवा रुक्मिणी साकारत, तेव्हा प्रेक्षक एका नटाची कला पाहत होता. ट्रान्स स्त्री ही स्त्रीच्या वेशातला पुरुष नसते, आणि नेमका तोच गैरसमज पुरुष नटाला घेतल्याने पडद्यावर पक्का होतो. शिवाय साधी व्यावहारिक बाब: रॉकमध्ये आवाजाचा खरखरीतपणा लपवायचा नसतो. जो आवाज इतरत्र 'जाड' म्हणून नाकारला जातो, तोच इथे कामाला येतो.

ट्रान्स कलाकार मिळत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा आरामनगरात (अंधेरीतला ऑडिशनचा अड्डा) दोन दिवस ऑडिशन घेऊन केलेली असते. २०१६ मध्ये मुंबईतच 'सिक्स पॅक बँड' उभा राहिला, तो तृतीयपंथी गायिकांचाच. शोध गाणाऱ्यांपासून सुरू करा. गाता येणाऱ्या व्यक्तीला चार महिन्यांत कॅमेऱ्यासमोर उभं करता येतं. उलट प्रवास फार लांबचा. ट्रान्स समाजात काम करणाऱ्या संस्थांकडे जाताना लक्षात ठेवा, त्या कास्टिंग एजन्सी नाहीत. मानधन, तारखा आणि भूमिकेचा एक पानी गोषवारा सोबत न्या. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य घरी ठेवून जा.

तिच्या आवाजाला पट्टी कोणती द्यायची?

संगीतकार सवयीने पुरुषाला काळी एक (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आणि बाईला काळी चार-पाच धरून चाल बांधतात. इथे दोन्ही फसतात. काळी एकमध्ये आवाज तळाशी बसतो आणि गाणं बोलल्यासारखं होतं. काळी चारमध्ये ध्रुवपदाचा वरचा स्वर तिसऱ्या टेकला फाटतो.

पट्टी पेटीवर बसून नाही, थकल्यावर ठरवा. तासभर गाऊन झाल्यावर ध्रुवपदाची ओळ सलग पाच वेळा पूर्ण जोराने गायला सांगा, मग पट्टी अर्ध्या स्वराने चढवून पुन्हा पाच वेळा, असं वर वर न्या. पाचही वेळा न ताणता जो सर्वांत वरचा स्वर लागतो, त्याच्या एक पूर्ण स्वर खाली ध्रुवपदाचं टोक ठेवा. चित्रीकरणात तीच ओळ दिवसभरात तीस वेळा गायची असते, तेव्हा हा एक स्वर उपयोगी पडतो. अशा मोजणीत बऱ्याचदा पांढरी चार-पाचच्या आसपास उत्तर येतं, पण गृहीत धरू नका.

गिटारवाला काळ्या पट्ट्यांना कुरकुर करतो, कारण उघड्या तारांचे कॉर्ड मिळत नाहीत. काळी एक हवी असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून डी चा आकार धरायचा, किंवा पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी चा. पूर्ण स्वर उतरवणार असाल तर ०९ च्या बारीक तारा लुळ्या पडतात आणि सूर हलतो. १० किंवा ११ चा जाड संच चढवा आणि गिटारच्या मानेचा बाक पुन्हा तपासा.

हार्मोन्समुळे आवाज बदलतो ना? मग रेकॉर्डिंग कधी करायचं?

ट्रान्स स्त्रीच्या बाबतीत, वयात येताना एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने परत बारीक होत नाही. तो बदलतो सरावाने. त्यामुळे तिच्या गाण्यांचं वेळापत्रक हार्मोन्सवर अवलंबून नाही.

नायक ट्रान्स पुरुष असेल तर मात्र सावध. टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत आवाज खाली जायला लागतो आणि स्थिरावायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. मधल्या काळात सूर मध्येच सटकतो. जानेवारीत ध्वनिमुद्रण आणि ऑक्टोबरात चित्रीकरण असं केलंत तर गाण्यातला आणि संवादातला माणूस वेगळा वाटेल. एकतर सगळं सहा आठवड्यांच्या आत उरका, किंवा उतरता आवाज कथेतच घ्या आणि गाणी कालक्रमाने मुद्रित करा. औषध थांबवा किंवा पुढे ढकला असं निर्मात्याने कधीही सुचवायचं नाही. ते कलाकार आणि डॉक्टर यांचं आहे.

मराठी शब्द रॉकच्या चालीवर बसत नाहीत. काय चुकतं?

चूक अशी की चाल आधी इंग्रजीतल्या निरर्थक बोलांवर बांधली जाते आणि मग तिच्यात मराठी कोंबली जाते. इंग्रजी ओळ ठोक्यावर एका तुकड्याच्या शब्दाने संपते. मराठी ओळ 'आहे', 'नाही', 'होते', 'गेले' अशा दोन अक्षरी, स्वरान्त शब्दांनी संपते आणि शेवटचा स्वर ठोक्याच्या पुढे लोंबतो. गायिका मग तो तोडते आणि 'नाही' चं 'नाय' होतं. हे मुद्दाम केलं तर झकास, नाइलाजाने झालं तर केविलवाणं.

आपल्याकडे तयार साचे आहेत. लहान अभंगाच्या आठ-आठ अक्षरांच्या ओळी चार ठोक्यांच्या आवर्तनात आठ अर्ध्या ठोक्यांवर नेमक्या बसतात. मोठ्या अभंगाचा ६-६-६-४ हा साचा आणखी मजेदार: चौथ्या चरणात दोन अक्षरं कमी पडतात, तिथे ड्रमला किंवा गिटारच्या रिफला (छोट्या, परत परत येणाऱ्या धुनेला) जागा मिळते. जोडाक्षरं जोराच्या ठोक्यावर ठेवा, अलीकडे-पलीकडे नकोत. आणि संहिता वाचतानाच प्रत्येक ध्रुवपद मोठ्याने ओरडून बघा. 'इ' आणि 'ई' वर ओरडताना गळा आवळतो, 'आ' आणि 'ओ' वर मोकळा होतो. वरच्या स्वरावर 'मी' आला की टेक वाया जाणार हे नक्की.

आता क्रियापदं. मराठीत 'मी' म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापद सांगून टाकतं: गेलो, गेले, जातो, जाते. नायिकेने कोणत्या क्षणापासून कोणतं रूप वापरायचं हे पटकथेतच ठरवा आणि गाण्यांत काटेकोर पाळा. 'गेलो' चं 'गेले' केलं की यमक तुटतं, त्यामुळे नंतर बदलू म्हणून चालत नाही. एखादं गाणं यातून मोकळं ठेवायचं असेल तर तशी रूपंही भाषेत आहेत: 'मी जाईन', 'मी पाहिलं', 'मला वाटतं'. भविष्यकाळात लिहिलेलं अख्खं गाणं पुरुष की बाई हे न सांगता पार पडतं. आई, शेजारी, पोलीस आणि बँडमधली मुलं तिला कुठल्या रूपात हाक मारतात याचा एक तक्ता करून संवादलेखक आणि गीतकार दोघांना द्या. डबिंगमध्ये एकाने 'आला' आणि दुसऱ्याने 'आली' म्हटलेलं प्रेक्षक लगेच पकडतो.

गाणी सेटवरच थेट मुद्रित करायची की आधी करून ओठ जुळवायचे?

दोन्ही. संथ, जवळून टिपायची गाणी थेट. बँड पूर्ण जोरात असलेली गाणी आधी मुद्रित. दहा गाण्यांत तीन थेट, हे प्रमाण झेपणारं आहे.

थेट गाताना सेटवर तिच्या आवाजाशिवाय काहीही ऐकू येता कामा नये. तिच्या एका कानात बारीक इअरपीस, त्यात साथ आणि क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक. बूम (काठीवरचा माइक) वर, आणि लॅपल माइक विगच्या पुढच्या कडेला, कपाळाच्या मध्यावर. छातीवर लावलेला माइक मान वळली की आवाज बदलतो. पंखे, फ्रिज बंद; जनरेटर लांब, निदान पन्नास मीटर केबल टाकून.

आधी मुद्रित करताना मिक्सिंगवाल्याला बजावून सांगा की श्वास कापायचे नाहीत. साफसफाईत श्वास उडाले की पडद्यावर ती भलत्या ठिकाणी श्वास घेताना दिसते, आणि खोटेपणा ओठांपेक्षा छातीवरून कळतो. मुद्रण उभ्याने, गिटार गळ्यात घालून करा.

प्लेबॅकची फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. डाव्या बाजूला गाणं, उजव्या बाजूला टाइमकोड (चित्र आणि आवाज जुळवायची वेळखूण). गाण्याआधी दोन आवर्तनं क्लिक. मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावून चित्रीकरण करू नका. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, तो उशीर कमीजास्त होतो आणि संकलनात प्रत्येक शॉट हाताने सरकवावा लागतो.

तारेच्या स्पीकरलाही अंतराचा फटका बसतो. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. ड्रमवाला स्पीकरपासून १४ मीटरवर असेल तर तो सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात एक पूर्ण फ्रेम मागे वाजवतो. मोठ्या शॉटमध्ये त्याच्या काठ्या उशिरा पडताना दिसतात आणि कुणालाच कारण कळत नाही. स्पीकर बँडच्या पायाशी ठेवा.

ड्रम वाजताना दिसले पाहिजेत, पण ऐकू येता कामा नयेत. कसं?

जाळीच्या खोळी आणि कमी आवाजाच्या भोकांच्या झांजा भाड्याने मिळतात, पण जवळून त्या दिसतात. लांबच्या शॉटला त्या वापरा. जवळच्या शॉटला खऱ्या झांजा, आणि तेवढ्यापुरता आवाज आधी मुद्रित केलेला. ड्रमवाल्याला हवेत थांबवायला सांगू नका. हात अडलेला स्पष्ट दिसतो. गिटारची केबल लावलेलीच हवी आणि अॅम्पचा दिवा पेटलेला, फक्त स्टँडबायवर.

सेकंदाला २४ फ्रेम की २५?

गाणी मुद्रित करण्यापूर्वी ठरवा. २५ वर केलेलं नंतर २४ वर नेलं तर गती ४ टक्क्यांनी कमी होते आणि सूर जवळपास पाऊण पट्टी खाली येतो. सूर तेवढाच ठेवून ताणता येतं, पण झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थिएटरचा विचार असेल तर २४ बरं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २४ फ्रेमला शटरचा कोन १८०° ठेवला तर काही दिवे लुकलुकतात, १७२.८° ठेवलं की शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर येतं आणि लुकलुक जाते. पबमधल्या रंगमंचाच्या स्वस्त एलईडी दिव्यांना हा उपाय पुरत नाही. ते मंद केले की स्वतःच वेगाने उघडझाप करतात. पूर्ण प्रकाशात ठेवा, किंवा आदल्या दिवशी तोच कॅमेरा नेऊन तपासा.

स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचं असेल तर कॅमेरा ४८ वर आणि गाणं दुप्पट वेगात वाजवायचं. नायिकेला त्या वेगात शब्द फेकायचा सराव किमान आठवडाभर आधी द्या.

मुंबईच्या दमटपणात विग आणि मेकअप कसा टिकतो?

टिकत नाही, तो टिकवावा लागतो. लेसचा विग डिंकाने कपाळावर बसवतात. घाम आला की कड आधी कानशिलावर उचलते. आधी त्वचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डिंकाचा थर अर्धवट वाळून चिकट झाला की मगच लेस दाबा. ओल्या डिंकावर दाबलं तर पांढरा ओघळ दिसतो. एकसारखे दोन विग लागतात: एक डोक्यावर, एक वाळत. जून ते सप्टेंबर चित्रीकरण असेल तर तिसराही. सिंथेटिक केसांना गरम इस्त्री लागली की टोकं वितळून गुंता होतो, तेव्हा कमी तापमानाची वाफ वापरा.

विगमधला माइक घामाने बुजतो आणि आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो. कॅप्सूल खाली तोंड करून लावा आणि दर दोन तासांनी बदला.

दाढीची निळसर छटा झाकायला आधी नारिंगी करेक्टर, मग फाउंडेशन, मग पारदर्शक पावडर. ही छटा झाकायची की नाही हे मेकअपमनने ठरवायचं नाही, कलाकाराला विचारायचं. तिला त्यात काही वावगं वाटत नसेल तर राहू द्या.

ट्रान्स पुरुष कलाकार बाइंडर घालून गाऊ शकतो का?

बाइंडर म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं आवळ अंतर्वस्त्र. घट्ट बाइंडरमध्ये बरगड्या फुगत नाहीत, श्वास वरवरचा होतो आणि लांब ओळ तुटते. गाण्याच्या दिवशी सैल बाइंडर किंवा जाड कापडाचं जॅकेट, आणि टेक संपला की काढायला खोली. आठ तासांच्या वर नको. नाचही असेल तर त्याहून कमी.

लोकेशनवर काय अडतं?

परवानग्यांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, पण रस्ता असेल तर वाहतूक पोलीस, स्टेशन असेल तर रेल्वे, अशी दारं वाजवावीच लागतात. चाळीत शूट असेल तर सोसायटीच्या पत्राबरोबर दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांशी स्वतः बोला. कथा काय आहे ते झाकून परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवशी कोणी शेरेबाजी केली, तर ती नायिकेला ऐकावी लागते, तुम्हाला नाही.

उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. रॉकचा प्लेबॅक ती पहिल्याच ठोक्याला ओलांडतो. रात्रीचं मैफलीचं दृश्य म्हणून बंद सभागृहात घ्या, किंवा उघड्यावर घ्यायचंच तर सगळ्यांच्या कानात इअरपीस द्या.

शौचालय आणि कपडे बदलण्याची जागा कॉलशीटवर (त्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर) लिहिलेली हवी. पॅकअप शेवटच्या लोकलनंतर असेल तर घरी सोडायची गाडी निर्मितीच्या खर्चात धरा. बजेटमध्ये सगळ्यात आधी हीच ओळ खोडली जाते.

गाजलेल्या रॉक गाण्याचं मराठी रूप घालता येईल?

परवानगीशिवाय नाही. चाल आणि शब्दांचे हक्क एकाकडे, मूळ ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे, आणि भाषांतर हे स्वतंत्र रूपांतर. त्याचीही संमती लागते. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' ही अफवा आहे. परवानगीला लागतील तेवढ्या पैशात दोन नवी गाणी होतात.

करारात काय असावं?

अभिनयाचं आणि गाण्याचं मानधन वेगळं लिहा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा कराराने सोडून देता येत नाही. त्यांची नोंदणी आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) करून घ्या. नायिकेने शब्द किंवा चाल बांधायला हातभार लावला असेल तर तिचं नावही त्यात हवं. पैसे पॅनवरच्या नावाने जातात, श्रेयनामावलीत तिचं स्वतःचं नाव जातं. दोन्ही नावं करारात लिहा, आणि पॅनवरचं नाव कॉलशीटवर किंवा युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणार नाही याची जबाबदारी एका माणसावर टाका. जवळिकीच्या दृश्यांत काय दिसेल आणि काय नाही, हे शब्दांत लिहून घ्या.

सेन्सॉरला अडेल का?

विषयावरून अडायचं कारण नाही. शिव्या, नशा आणि जवळिकीवरून वर्ग ठरतो. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. प्रमाणपत्राला आता दहा वर्षांची मुदत नाही. निकाल मान्य नसेल तर पुनरीक्षण समिती आणि त्यानंतर उच्च न्यायालय. अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. नायिकेला उद्देशून हेटाळणीचा शब्द कथेची गरज म्हणून असेल तर त्या दृश्याचं एक पानी समर्थन तयार ठेवा आणि म्यूट करून दृश्य टिकतं का ते आधीच पाहा.

रॉक चित्रपटात सिगारेट येतेच. मग सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची आरोग्यफीत, २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन, आणि सिगारेट दिसेल तेवढा वेळ पडद्यावर इशारा. उत्तम जमलेल्या गाण्याच्या खाली ती पट्टी झळकणार आहे, तेव्हा गाण्यात खरंच सिगारेट हवी का, हे शूटच्या आधी विचारा.

महोत्सवाला पाठवताना?

कशिश हा क्वीअर (एलजीबीटी समुदायाचा) चित्रपट महोत्सव २०१० पासून मुंबईत भरतो. पहिला प्रेक्षक तिथे मिळणं स्वाभाविक आहे. महोत्सवातल्या खेळाला केंद्राच्या परवानगीने प्रमाणपत्रातून सूट मिळते, पण ते आयोजकांमार्फत होतं. फाइल पाठवताना ५.१ सराउंड मिक्सबरोबर स्टिरिओ मिक्सही द्या. खेळाआधी सभागृहात जाऊन दोनच ठिकाणं ऐका: सगळ्यात हळू संवाद आणि सगळ्यात जोराचं ध्रुवपद. प्रोजेक्शनवाला पहिल्या गाण्याला दचकून आवाज कमी करतो आणि पुढचे संवाद कुणालाच ऐकू येत नाहीत. आवाजाचा आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि पहिलं गाणं होईपर्यंत केबिनमध्येच थांबा.